झीज

मास्तरांनी टेबलावरच्या साच्यांतला एक उचलला, चष्मा कपाळावर सरकवला, प्लॅस्टरचा खालचा जबडा वरच्या जबड्याला लावला आणि दोन्ही अंगठ्यांनी तो हलकेच मागेपुढे करून पाहिला. मग म्हणाले, "हा माणूस झोपेत दात खातो. आजचा नाही, फार वर्षांपासूनचा खाणारा आहे." वर्गात हशा पिकला. बेकरीतून शिकायला आलेला केकवाला म्हणाला, घरचे बिचाऱ्याला उपाशी झोपवत असतील. पुन्हा सगळे हसले. तीही हसली, सगळे हसतात तेव्हा हसायचं म्हणून. मास्तर साचा उलटा करून दाखवत होते, आणि त्याच्या बुडाशी पेन्सिलीने घातलेला आकडा तिला दिसला. तो तिनेच घातला होता. साचा तिच्या नवऱ्याचा होता. मास्तरांना ते माहीत असायचं कारण नव्हतं, त्यांच्यासाठी तो चाळिशी उलटलेल्या कुणा पुरुषाचा बत्तिशी शाबूत असलेला जबडा होता, आणि ते बोटाने दाखवत होते की सुळ्याला टोक कसं राहिलेलं नाही, दाढांचे उंचवटे कसे सपाट झालेत, जुन्या इमारतीच्या जिन्याची पायरी मधे झिजते तशी. "जेवून दाढ अशी झिजत नाही," ते म्हणाले. "जेवताना दाताला दात फारसा लागतच नाही, मधे घास असतो. हे नुसतंच दळण आहे. जात्यात दाणा नाही आणि जातं फिरतंय." मागून कुणीतरी विचारलं, असं कशाने होतं? मास्तरांनी साचा खाली ठेवला. म्हणाले, कशाने ते साच्यात दिसत नाही, झालेलं तेवढं दिसतं. आणि पुढचा साचा उचलला.

तिने हात वर करून सांगायला हवं होतं, हा माझा आहे म्हणून. बाकीचे सांगत होते, हा माझ्या सासूचा, हा माझ्या घरमालकाचा, आणि प्रत्येक वेळी थोडी गंमत होत होती. ती गप्प राहिली. लाज वाटली म्हणून नव्हे. तिला एकदम असं वाटलं की कुणीतरी तिच्या घराच्या बंद दाराशी उभं राहून आत काय आहे ते बिनचूक सांगतंय, आणि ती स्वतः त्या घरात इतकी वर्षं राहूनही मान डोलावण्यापलीकडे काही करू शकत नाही. वीसेक वर्षं ती त्या माणसाच्या शेजारी झोपत होती. तिने कधी काही ऐकलं नव्हतं. आणि ऐकणं हेच तर तिचं काम होतं.

म्हणजे, होतं. एका मोठ्या कंपनीत ती टेलिफोन ऑपरेटर होती. जिन्याखालच्या बिनखिडकीच्या खोलीत बसून, कानाला यंत्र लावून, तिने अर्धं आयुष्य बाहेरच्या माणसाला आतल्या माणसाशी जोडून दिलं. जोडून झालं की आपण बाजूला व्हायचं, हा नियम. कोण काय बोलतं ते ऐकायचं नाही. पण 'हॅलो' आणि 'जोडते' यांच्या मधल्या चिमूटभर वेळात तिला पुष्कळ कळायचं. कोण पायऱ्या चढून आलाय, कुणाच्या तोंडात सुपारी आहे, कोण रडून मग फोन करतंय. तिला शिकवलंच होतं की हसून बोलायचं, हसू तारेतून ऐकू जातं. ती भिंतीकडे तोंड करून हसायची. नवरा चेष्टा करायचा, की भिंतीला बायकोकडून जेवढं हसू मिळतं तेवढं मला मिळालं असतं तर मी राजा झालो असतो. मग कंपनीने यंत्र बसवलं. अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा. यंत्रातली बाईसुद्धा हसून बोलत होती, तेही न थकता. ज्या दिवशी तिने घरी येऊन सांगितलं, त्या दिवशी नवरा क्षणभर थांबून म्हणाला होता, "बरं झालं. आता दुपारी कुणीतरी उचलेल आपला घरचा फोन." तिला हसू आलं होतं. किती सहज घेतलं यांनी, असं वाटलं होतं. आता वर्गाच्या खिडकीशी मेणाची दाढ कोरता कोरता तिने ते वाक्य पुन्हा आठवून पाहिलं. त्या आधीचा जो क्षणभर होता, तो पाहिला. त्या क्षणात त्याचं तोंड मिटलेलं होतं का? जबडा हलला होता का? आठवेना. माणसाचा जबडा कोण लक्षात ठेवतं.

या वर्गात ती कशी आली हेही गमतीचंच. बेकारांची नोंद करणाऱ्या कचेरीने तिला एका प्रशिक्षण केंद्रात धाडलं, आणि तिथे ज्या बाई बसायच्या त्यांना सगळे मधल्या बाई म्हणायचे, कारण त्या कारखानदार आणि कामधंदा गेलेली माणसं यांच्या मधे बसायच्या. त्यांचा खाक्या साधा होता. आधी मालकांकडे जायचं, तुम्हाला कसले हात हवेत ते विचारायचं, मग तसले हात शोधायचे, मालक आणि केंद्र दोघांच्या खर्चाने शिकवायचं आणि जमलं तर एकमेकांच्या पदरात घालायचं. तेव्हा लिफ्ट बसवणाऱ्यांना हात हवे होते, शीतगृहवाल्यांना हवे होते, आणि शहरातल्या एका मोठ्या दातांच्या प्रयोगशाळेला हवे होते. दात तिथे काढत नाहीत, बनवतात. दवाखान्यांतून मापं येतात, तिथे कवळ्या, दातांवरच्या टोप्या, दाढा तयार होऊन परत जातात. प्रयोगशाळेने केंद्राला जुनी यंत्रं दिली होती आणि आपले जुने मास्तर अर्ध्या दिवसासाठी पाठवायला सुरुवात केली होती. बाईंनी तिला विचारलं, तुम्हाला काय येतं? ती म्हणाली, माणसं जोडायला. बाईंनी तिच्यापुढे खडूचा एक जाड तुकडा, एक पातं आणि नमुन्याची दाढ ठेवली, आणि सारखीच कोरायला सांगितली. इतर लोक लगेच कोरू लागले. तिने नमुन्याची दाढ हातात घेऊन विचारलं, ही कुणाची? बाईंनी तेव्हा पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. कुणाची म्हणजे? नमुना आहे, त्या म्हणाल्या. तरी तिला वाटत राहिलं की कुणाची तरी असणारच, तिने काही चावलं असणारच. त्या नादात तिची दाढ सगळ्यांच्या शेवटी झाली, पण झाली हुबेहूब.

नंतर तिला एक खोडच लागली. बसमध्ये, दुकानात, रस्त्यावर ती लोकांच्या तोंडात पाहू लागली. माणसं बोलताना इतकं दाखवतात हे तिला ठाऊक नव्हतं. बिनखिडकीच्या खोलीत तिला आवाज होते आणि तोंडं नव्हती, आता तोंडं होती आणि काही वेळा आवाजच कानावर पडायचे नाहीत. समोरचा माणूस पत्ता विचारत असायचा आणि ती त्याच्या पटाशीच्या दातांची दाटी पाहत असायची. भाषेतसुद्धा दातच दात सापडू लागले. कुणी कुणावर दात धरतो, कुणी दात काढतो, कुणी दाताच्या कण्या करतो, कुणाची दातखीळ बसते. मास्तर म्हणायचे, जीभ खोटं बोलते, गाल लपवतात, दात बिचारे आहेत तिथे उभे असतात. कुतूहल ही तिची जुनी गोष्ट होती, आई म्हणायची हिला नसत्या चौकशा फार. पण त्या चौकशांना आजवर भिंतच मिळाली होती. आता प्रत्येक तोंड उघडं होतं. आणि या सगळ्या काळात एक तोंड तिने पाहिलेलं नव्हतं, हे माप घेण्याच्या शनिवारी तिला कळलं.

त्या शनिवारी केंद्रात दंतवैद्य बाई आल्या होत्या. प्रत्येकाने घरचं किंवा ओळखीचं एक प्रौढ माणूस आणायचं होतं, सगळे दात असलेलं. नवरा आनंदाने आला. तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसायचा, दिवसभर पाणी न आलेल्या माणसांशी गोड बोलायचा, त्यामुळे कुठेही गेला तरी पहिल्या दोन वाक्यांत लोकांना हसवायचा. खुर्चीत बसल्यावर त्याने वैद्यबाईंना सांगितलं की दात मोजून घ्या, जाताना कमी भरले तर बायको घरात घेणार नाही. मग त्या बाईंनी मापाचा ओला लगदा भरलेली पट्टी त्याच्या तोंडात बसवली आणि हलू नका म्हणाल्या. आणि त्याचं बोलणं बंद झालं. ती खुर्चीपाशी उभी होती. लगदा घट्ट होईपर्यंत तो नाकाने श्वास घेत, वर छताकडे पाहत पडून होता, आणि तिने त्याचा चेहरा विनोदाशिवाय पाहिला. असा तो कधी दिसलाच नव्हता. जेवताना बोलायचा, दाढी करताना आरशाशी बोलायचा, तापात पडला तरी थर्मामीटरला नावं ठेवायचा. हा चेहरा कुणा दुसऱ्याच माणसाचा, जरा वयस्कर, कशाची तरी वाट पाहणारा. पट्टी निघाली तशी त्याने चूळ भरली आणि म्हणाला, लग्नानंतर इतका वेळ गप्प बसायची ही पहिलीच खेप. सगळे हसले आणि तो चेहरा गेला. तिने त्या मापात स्वतःच्या हाताने प्लॅस्टर ओतलं, ठोकून हवा काढली, सुकवलं, बुडाशी आकडा घातला. दाढा तिने पाहिल्या नव्हत्या असं नाही. घरच्या दाढा म्हणून पाहिल्या होत्या.

मास्तरांच्या वर्गात हशा पिकला त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तो टेबलाशी बसून चहात बिस्कीट बुडवत होता. ती समोर बसली आणि त्याच्या कानाखालच्या जागेकडे पाहत राहिली, जिथे जबड्याचा स्नायू असतो. तो फुगत होता आणि बसत होता. केवढा मोठा होता. पहिलवानाच्या दंडासारखा. लग्नात आत्या म्हणाली होती, मुलाचा चेहरा कसा चौकोनी, भरदार. म्हणजे तो चेहराही घासून घासून कमावलेलाच का? त्याने विचारलं काय बघतेस. तिने सरळ विचारून टाकलं, "तुम्हाला कसली काळजी आहे का?"

"आहे ना," तो म्हणाला. "तू असं विचारायला लागलीस, ही."

आणि चहाचा कप उचलून आत गेला. ती तरी काय बोलणार, की वर्गात तुमचा जबडा हातात घेऊन लोक हसले? मग ती स्वतःशीच शोध घेऊ लागली, आणि त्या शोधात दुःखापेक्षा नवलच जास्त होतं, याची तिला जरा चोरी वाटायची. तक्रारींची खिडकी हे कारण असावं असं आधी वाटलं. दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायचं, आपण दातओठ खायचे नाहीत, ते मग रात्री खायचे. पण खिडकीवर तो अलीकडेच आला होता आणि मास्तर तर फार वर्षांचं म्हणत होते. मग मूल न झाल्याचं. त्यावर दोघं कधीकाळी बोलले होते, नंतर बोलणं आपोआप थांबलं होतं, तो दोनतीनदा म्हणाला होता आपण दोघं काय कमी आहोत गोंधळ घालायला. ते असेल. की तिची नोकरी? की तीच? एखाद्या माणसाला एखाद्या माणसाशेजारी झोपावं लागतं म्हणून तो दात खात असेल, असं होतं का? हा विचार तिला भाजी चिरताना आला आणि ती सुरी हातात धरून उभी राहिली. पूर्वी फोनवर एखादा आवाज नुसता 'जोडा' म्हणायचा आणि तिला दिवसभर वाटत राहायचं की त्या आवाजाच्या मागे काहीतरी घडलंय. ते कधी कळायचं नाही, तार काढली की संपलं. ही तार काढता येत नव्हती. तिने एकदोनदा जागं राहून पाहायचा प्रयत्न केला, पण आयुष्यभर पहाटेच्या पाळीला उठलेलं तिचं शरीर उशीला डोकं टेकताच झोपायचं. तिच्या कानांना एवढंही जमलं नाही.

वर्ग संपत आला तसं निवडीचं वारं वाहू लागलं. प्रयोगशाळेचे मालक स्वतः आले. ठेंगणे, घाईत असलेले, हातात कायम फोन. सगळ्यांना एकेक मेणाची दाढ लावायला सांगितली आणि ते टेबलांमधून फिरत राहिले. केकवाल्याचं त्यांना फार आवडलं. बेकरी बंद पडायच्या आधी त्याने जन्मभर केकवर गुलाब काढले होते, त्याचं मेण साखरेसारखं चालायचं. ती मात्र समोरच्या दातांशी पुन्हा पुन्हा लावून पाहत होती, की ही दाढ त्यांच्यावर कुठे टेकेल, कुठे अडखळेल. मालकांनी विचारलं, एवढा वेळ का? ती म्हणाली, समोरचे दात काय म्हणतात ते बघतेय. मालक हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, बाई, आमच्याकडे दिवसाला ढीगभर काम येतं, समोरच्या दातांशी गप्पा मारायला वेळ नसतो. त्यांनी केकवाल्याला आणि आणखी दोघांना घेतलं. बाकीच्यांना प्रमाणपत्र मिळालं, आणि मधल्या बाई सांगून गेल्या की दुसरीकडे विचारतेय, धीर सोडू नका. तिने टेबल पुसलं, हत्यारं जागच्या जागी ठेवली. तिला वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त असं वाटत होतं की अजून नवऱ्याचा साचा तिथेच फळीवर आहे आणि आता तो कुणीतरी कचऱ्यात टाकील. तिने तो रुमालात गुंडाळला आणि पिशवीत घातला. जड होता. बसमध्ये मांडीवर घेऊन बसली तेव्हा माणसाचं वजन मांडीवर असल्यासारखं वाटलं.

घरी तिने त्याला सांगितलं की माझी निवड झाली नाही. तो लगेच काहीतरी गमतीचं बोलणार म्हणून तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि या वेळी तिला ते दिसलं. बोलण्याच्या आधी, एका श्वासापुरतं, कानाखालचा स्नायू वर आला आणि गेला. मग तो म्हणाला की मूर्ख आहेत लेकाचे, त्यांचे दात त्यांच्या घशात जावोत. ती हसली. पण तिला तो श्वास सापडला होता. फोनवर ती ज्या चिमूटभर वेळात माणसं ओळखायची, तोच हा वेळ. तो नेहमी होता, प्रत्येक विनोदाच्या आधी. ती नेहमी विनोदाचीच वाट पाहत आली होती.

त्यानंतरच्या सुटीच्या दिवशी तो बाजारात गेला असताना त्याच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. नणंद दूरच्या गावी असायची, अधूनमधून खुशाली विचारायची, बोलायला मोकळी आणि तोंडाने फटकळ. इकडचं तिकडचं झाल्यावर तिने विचारलंच, ताई, हे झोपेत दात खायचे का हो लहानपणी? पलीकडे नणंद इतकी जोरात हसली की तिला फोन कानापासून दूर धरावा लागला. अगं म्हणजे काय, ती म्हणाली, त्याच्यासारखं कुणी दात खाल्लेले नाहीत आमच्या घराण्यात. मग सांगत राहिली. एकच खोली, सगळे एका ओळीत झोपलेले, वडील थकून आलेले आणि झोपेचे हलके. मुलाचा आवाज सुरू झाला की ते उठायचे, त्याला कानाला धरून उभा करायचे आणि बाहेरच्या सज्जात नेऊन सोडायचे, की इथे खा काय खायचं ते. पोरगं रोज ठरवायचं आज खायचं नाही, पण झोपेत ठरवलेलं कसं राहणार. मग त्याने युक्ती काढली. पंच्याचं टोक तोंडात घालून झोपायचं. मोठा झाला, नोकरीला लागला, तरी रुमाल उशाशी असायचाच. "लग्न ठरलं तेव्हा घाबरला होता बघ," नणंद म्हणाली. "मला विचारतो, ताई, तिने ऐकलं तर? मी म्हटलं, ती झोपली की मग झोपत जा. एवढं काय त्यात." नणंद पुन्हा हसली. तिला हे सांगून आपण काय सांगितलं, याची कल्पना नव्हती.

फोन ठेवल्यावर तिला त्याचं रोज रात्रीचं वाक्य आठवलं. तू झोप, मी एवढं शब्दकोडं सोडवून येतो. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात तिला ते वाक्य लागलं होतं. पुढे नव्हतं लागलं, ते घरातल्या घड्याळाच्या टिकटिकीसारखं झालं होतं. तिने मनात ठरवून टाकलं होतं की या माणसाला शब्दकोडी आवडतात, आणि आपण तेवढ्या आवडत नाही, आणि तरी बरं चाललंय. तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही वाक्य करून सांगितलं नव्हतं. आणि रुमाल. त्याच्या रुमालांचे कोपरे कायम विरलेले असायचे, विरून जाळी झालेले. तिने दुकान बदललं होतं. जाड कापडाचे आणले होते. दुकानदाराशी भांडली होती एकदा, की तुमचा माल धुण्यात टिकत नाही. एवढ्या वर्षांत किती रुमाल तिच्या हातांतून गेले, साबण लावून, पिळून, दोरीवर टाकून, घडी घालून, ज्या घडीत तिने विरलेला कोपरा आत दुमडला, वर दिसू नये म्हणून. तिने कपाट उघडून एक रुमाल काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. दाढांच्या खुणा ओळखायला तिला आता मास्तरांची गरज नव्हती. तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. तिला नवऱ्याबद्दल इतकं अफाट कुतूहल वाटलं की तो बाजारातून परत येईतो धीर धरवेना. जणू कुणीतरी नवीन माणूस भाजीची पिशवी घेऊन जिना चढून येणार होता.

दुसऱ्या दिवशी ती साचा घेऊन केंद्रात गेली आणि मास्तरांना म्हणाली की तो दात खाणाऱ्याचा साचा माझ्या नवऱ्याचा आहे. मास्तर क्षणभर ओशाळले. मग म्हणाले, झोपपट्टी करा त्याला. तिला ते झोपडपट्टी असं ऐकू आलं. मास्तर हसले, प्रयोगशाळेत सगळे तसंच म्हणतात, त्यांनी सांगितलं. वरच्या दातांवर बसणारी पारदर्शक, टणक पट्टी. दात खायचे तर माणूस ती खातो, दाढा वाचतात. दिसायला काही नाही, रंग नाही, रूप नाही, म्हणून कुणाला करायला आवडत नाही. पण समोरचे सगळे दात एकाच वेळी हलके टेकले पाहिजेत, एक जरी आधी टेकला तरी माणसाला झोप लागत नाही. त्यांनी दाखवलं तशी ती करत गेली. मेण लावलं, तापवलं, पट्टी ओतली, निळा कागद मधे धरून जबडे मिटवले, जिथे डाग पडला तिथे खरवडलं, पुन्हा मिटवले. इथे तिच्या रेंगाळण्याला कुणी नावं ठेवत नव्हतं. समोरचे दात काय म्हणतात हेच इथे ऐकायचं होतं. मास्तरांनी शेवटी जबडे मिटवून कान लावला, हो, कान लावला, आणि म्हणाले की एकच आवाज येतोय, सगळे एकदम टेकतायत. ती पट्टी त्यांनी तिला न विचारता मालकांना नेऊन दाखवली. मालकांनी मधल्या बाईंना फोन केला. त्या तिला सांगत होत्या तेव्हा त्यांच्या आवाजात विजय वगैरे काही नव्हता, जरा वैतागच होता. म्हणाल्या, कोरणारे हवेत म्हणून माझ्या मागे लागले होते, मी कोरणारे शोधत बसले, आणि आता सांगतात की पट्ट्यांचं काम तुंबलंय, शहरात निम्मे लोक दात खातात, त्याला कुणी नाही. आधी सांगायला काय झालं होतं? त्यांनाच ठाऊक नव्हतं, बाई स्वतःच म्हणाल्या. आधी काही महिने कच्ची नेमणूक, मग बघू. टेबल खिडकीशी होतं. तिला खिडकी आहे हेच ऐकून बरं वाटलं.

घरी तिने पट्टी एका छोट्या डबीत घालून त्याच्यापुढे ठेवली. नोकरीचं आधी सांगितलं, तो मनापासून खूश झाला, मग डबी उघडून त्याने ती वस्तू बोटांत धरून पाहिली. त्याला विचारावं लागलं नाही. तिने पाहिलं, तो श्वास आला, कानाखालचा स्नायू वर आला, आणि या वेळी त्यामागून विनोद आला नाही.

"म्हणजे तुला ठाऊक आहे," तो म्हणाला.

"मास्तरांनी साच्यावरून ओळखलं. मग ताईंना विचारलं."

"ताईच्या पोटात काही राहत नाही." त्याने पट्टी डबीत ठेवली, पुन्हा काढली. "फार येतो का आवाज?"

"मी कधी ऐकलाच नाही," ती म्हणाली. "तुम्ही ऐकू दिला असता तर सांगितलं असतं."

तो तिच्याकडे पाहत राहिला. मापाच्या वेळी दिसलेला तो चेहरा पुन्हा आला होता, जरा वयस्कर, वाट पाहणारा, आणि या वेळी तो लगेच गेला नाही. तिने त्याला कशाने होतं म्हणून विचारलं नाही. तो आपण होऊन म्हणाला की मला खरंच माहीत नाही गं, मी तेव्हा तिथे नसतोच. हे तो विनोदाने बोलला नव्हता, तरी दोघांना हसू आलं.

रविवारी जेवणं झाली. तिने भांडी घासायला घेतली, तो नेहमीप्रमाणे पेपर घेऊन टेबलाशी बसला. शब्दकोड्याचं पान काढलेलं, पेन कानावर. थोड्या वेळाने खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तिला वाटलं पाणी प्यायला उठला असेल. तो स्वयंपाकघराच्या दारात आला, तोंडात पट्टी होती, त्यामुळे शब्द जरा बोबडे आले. तो म्हणाला, मी पडतो जरा. आणि गेला. तिने नळ बंद केला. हातातली ताटली तशीच ठेवून, ओले हात पुसत ती खोलीच्या दाराशी आली. पडदा अर्धा ओढलेला, बाहेरचं स्वच्छ ऊन त्याच्या पायांवर. तो कुशीवर वळला होता, उशाशी रुमाल नव्हता, आणि त्याचा श्वास लांबला होता. तो झोपला होता. ती खुर्ची न ओढता, उचलून, त्याच्याजवळ ठेवून बसली. पुष्कळ वेळ काही नाही. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकल लावत होतं, वरच्या मजल्यावर बादली सरकली. मग आला. तिला वाटलं होतं त्याहून फार लहान आवाज होता तो. कुणीतरी बंद दारापलीकडे फरशीवरून एखादी जड पेटी बेताने, इतरांना जाग येऊ नये म्हणून, थोडी थोडी सरकवत असावं तसा. थोडी सरकवली. थांबलं. पुन्हा थोडी. मग बंद झाला. नळाचं पाणी टपकत होतं, तो तिने नीट बंद केला नव्हता. ती उठली नाही. मान जराशी पुढे करून, पूर्वी बसायची तशी, ती तो आवाज पुन्हा यायची वाट पाहू लागली.